क्षेत्रफळ आणि वाट : संगणकीय भूमिकाखेळांतील भूप्रदेशाचा इतिहास

१

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एका वरवर सोप्या दिसणाऱ्या मापाचा विचार करावा लागतो. ते माप म्हणजे नकाशाचे क्षेत्रफळ. ज्या खेळांत खेळाडूस एखाद्या कल्पित प्रदेशात स्वेच्छेने हिंडता येते, त्यांना 'ओपन वर्ल्ड' किंवा मुक्तविश्व खेळ असे म्हणतात. अशा खेळाची जाहिरात करताना त्यातील प्रदेश किती विस्तीर्ण आहे हे अभिमानाने सांगण्याचा प्रघात जुना आहे. नकाशा मोठा असला म्हणजे शोधास वाव अधिक, आणि शोधास वाव अधिक म्हणजे खेळ सरस, असे समीकरण या प्रघाताच्या मुळाशी आहे.

हे समीकरण एकाच मालिकेच्या आधारे तपासून पाहणे सोयीचे होईल. अमेरिकेतील बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतील पाच प्रमुख खेळ पुढील क्रमाने प्रसिद्ध केले : 'अरीना' १९९४ साली, 'डॅगरफॉल' १९९६ साली, 'मोरोविंड' २००२ साली, 'ऑब्लिव्हियन' २००६ साली आणि 'स्कायरिम' २०११ साली. डॅगरफॉलचा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे सांगितले गेले. प्रचलित मोजणीनुसार तो सुमारे १,६१,६०० चौरस किलोमीटर भरतो. मोरोविंडमधील बेट मात्र सुमारे २४ चौरस किलोमीटरांचे आहे. ऑब्लिव्हियनचा प्रदेश सुमारे ४१ चौरस किलोमीटरांचा असून स्कायरिमचा त्याच्याच आसपासचा आहे. म्हणजे १९९६ ते २००२ या सहा वर्षांत या मालिकेतील भूमी साडेसहा हजार पटींहून अधिक आक्रसली. असे असूनही वाट चुकण्याचा, अनपेक्षित स्थळ गवसण्याचा आणि प्रदेश हळूहळू परिचयाचा होण्याचा अनुभव सांगताना या मालिकेचे जुने खेळाडू बहुधा मोरोविंडचाच दाखला देतात. त्याहून मोठ्या असलेल्या ऑब्लिव्हियनचा प्रदेश लहान वाटतो, अशी तक्रारही त्यांच्याकडून वारंवार झालेली आहे.

या विसंगतीचा उलगडा क्षेत्रफळाच्या आकड्यांनी होत नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, खेळातील प्रदेशाचा प्रतीत होणारा विस्तार हा एखादे स्थळ शोधून काढण्यासाठी खेळाडूस जे ज्ञान मिळवावे लागते त्यावर अवलंबून असतो. आणि हे ज्ञान दीर्घ काळपर्यंत मुख्यत्वे भाषेच्या द्वारे मिळत असे. या खेळांच्या नकाशांचा इतिहास हा वस्तुतः वाट कळण्याच्या साधनांचा इतिहास आहे. शब्दाने सांगितलेली वाट, हिशेबाने निर्माण केलेली भूमी, बाणाने दाखविलेले ठिकाण आणि डोळ्याने हेरलेले शिखर हे त्यातील चार टप्पे होत.

२

पहिल्या टप्प्यात चित्र नव्हतेच. १९७६च्या सुमारास विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा खेळ रचला. क्राउदर हा स्वतः गुहासंशोधक होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विशाल गुहासमूहाच्या मोजणीत त्याने भाग घेतलेला होता आणि खेळातील गुहेचा मोठा भाग त्याने तेथील प्रत्यक्ष भूगोलावरूनच घेतला. १९७७ साली डॉन वुड्स याने खेळात भर घातली. खेळाडूस पडद्यावर दिसत ते केवळ शब्द : आपण कोठे उभे आहोत, कोणत्या दिशेस वाट आहे, समोर काय पडले आहे. खेळाडूनेही दिशादर्शक शब्द टंकित करूनच पुढे जावयाचे. नकाशा हवा असल्यास तो शेजारी कागद घेऊन स्वतः काढावा लागे.

या खेळातील एक चक्रव्यूह भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. त्यातील अनेक दालनांचे वर्णन शब्दशः एकच होते. त्यामुळे एक दालन दुसऱ्यापासून वेगळे ओळखणे अशक्य होई. खेळाडूंनी यावर उपाय काढला तो असा की, प्रत्येक दालनात जवळची एखादी निराळी वस्तू टाकून द्यावयाची. वस्तू पडली की दालनाचे वर्णन बदले, आणि वर्णन बदलले की त्या जागेस जणू नाव मिळे. भेद असल्यावाचून अर्थ नाही हे तत्त्व येथे खेळाच्या रूपाने अवतरलेले दिसते. किती दालने आहेत हा प्रश्न खेळाडूच्या दृष्टीने गौण होता. किती दालने एकमेकांपासून ओळखता येतात हा खरा प्रश्न होता.

चित्ररूप भूमी आल्यानंतरही शब्दाचे हे स्थान काही काळ टिकले. रिचर्ड गॅरियट याच्या 'अल्टिमा' मालिकेचा पहिला खेळ १९८१ साली निघाला. १९८२ सालच्या दुसऱ्या खेळासोबत कापडावर छापलेला नकाशा पेटीत घालून दिला गेला आणि ही प्रथा पुढील खेळांतही चालू राहिली. त्यांतील काही नकाशांवरील स्थलनामे रून लिपीच्या धर्तीवरील अक्षरांत छापलेली असत. म्हणजे गावाचे नाव कळण्यापूर्वी अक्षरे लावावी लागत. १९८५ सालच्या चौथ्या अल्टिमाचा पृष्ठभाग आडवे २५६ व उभे २५६ अशा चौकटींचा होता. आजच्या मानाने हा विस्तार अगदीच लहान आहे. परंतु त्या खेळात गावोगावच्या लोकांशी नेमके शब्द टंकित करून बोलावे लागे. एकाच्या बोलण्यातून निघालेला शब्द दुसऱ्यास विचारावा लागे. आणि एखाद्या स्थळाचे अक्षांश-रेखांश कोणी सांगितलेच, तर स्वतःचे स्थान कळण्यासाठी सेक्स्टंट हे उपकरण मिळवावे लागे. नकाशा हाती असूनही प्रदेश अज्ञात राहतो, कारण नकाशा वाचण्याचे सामर्थ्य खेळाडूने हिंडून आणि विचारून कमवावयाचे असते, हे या मालिकेचे मर्म होते.

३

भूमीचा विस्तार एकाएकी वाढला तो गणिताच्या आधाराने. प्रत्येक डोंगर आणि प्रत्येक दालन माणसाने हाताने रचण्याऐवजी काही नियम व एक बीजसंख्या संगणकास द्यावयाची आणि त्यावरून संगणकाने स्थळे निर्माण करावयाची, अशी ही पद्धत आहे. १९८० सालच्या 'रोग' या खेळातील तळघरे प्रत्येक डावात नव्याने अशीच रचली जात. १९८४ सालच्या 'एलिट' या अंतराळविषयक खेळात डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांनी अत्यल्प स्मृती असलेल्या बीबीसी मायक्रो संगणकावर ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवून दाखविले. त्या ग्रहांची नावेसुद्धा अक्षरगटांची जुळणी करून संगणकच तयार करी.

हीच दृष्टी अरीना व डॅगरफॉल या खेळांनी अद्भुतरम्य भूमीस लावली. अरीनामध्ये एका संपूर्ण खंडातील शेकडो गावे होती. मात्र गावाबाहेर पडून कितीही चालत राहिले तरी दुसरे गाव लागत नसे. संगणक पुढे पुढे रान रचीत राही. गावागावांमधील संबंध केवळ प्रवासाच्या नकाशावर होता. डॅगरफॉलमध्ये ही उणीव दूर झाली. तेथे १५,००० हून अधिक स्थळे एकाच सलग भूमीवर मांडलेली होती आणि तत्त्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाणे शक्य होते.

व्यवहारात मात्र जवळजवळ कोणीही तसे जात नसे. दोन गावांमधील भूमी बहुतांशी सपाट व रिकामी होती. तीत पाहावे, थांबावे, विचारावे असे फारसे काही नव्हते. खेळाडू नकाशा उघडून गावाचे नाव निवडी. सावधपणे जावयाचे की घाईने, सरायांत मुक्काम करावयाचा की उघड्यावर, इतके ठरवी. आणि मधले दिवस क्षणार्धात सरत. कित्येक कामगिऱ्यांना मुदत असल्यामुळे या निवडीस महत्त्व होते. परंतु ते महत्त्व वेळेचे आणि पैशाचे होते, वाटेचे नव्हते. गावांची नावे ठरावीक पूर्वपदे व उत्तरपदे जोडून बनविलेली असल्याने ती एकमेकांसारखी वाटत आणि लक्षात राहत नसत. नामाचे कार्य वेगळेपण दाखविण्याचे. येथे नावे विपुल होती, परंतु त्यांच्यामागे वेगळेपण क्वचितच होते. कोलोसल केव्हमधील चक्रव्यूहाचीच ही प्रचंड प्रमाणावरील आवृत्ती होय. फरक इतकाच की, तेथे एकसारखेपणा हे हेतुपुरस्सर घातलेले कोडे होते आणि येथे तो पद्धतीचा अटळ परिणाम होता.

तथापि डॅगरफॉलच्या पक्षी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गावात शिरल्यावर अमुक दुकान वा अमुक व्यक्ती कोठे आहे हे रस्त्यावरील लोकांना विचारावे लागे, आणि ते ईशान्येस आहे, दक्षिणेस आहे अशा शब्दांत उत्तर देत. प्रदेश गणिताने रचलेला असला तरी गाव अद्याप बोलण्यातून कळत होते. मोरोविंडने हाच धागा उचलला.

४

मोरोविंडच्या कर्त्यांनी विस्ताराचा मोह सोडून व्हवार्डेनफेल या एकाच बेटाची हाताने रचना केली. या बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारांवरून राखेने भरलेल्या घळी खाली उतरतात आणि त्या घळींना स्थानिक भाषेतील स्वतंत्र संज्ञा आहे. खेळाच्या पेटीत छापील नकाशा होता. मनात येईल तेव्हा नकाशावर बोट ठेवून कोठेही पोहोचण्याची सोय मात्र काढून टाकलेली होती. प्रवास करावयाचा तर महाकाय कीटकांच्या पाठीवरून, नावेने, जादूगारांच्या संघामार्फत किंवा मंत्राने. आणि यांपैकी प्रत्येक साधन ठरावीक ठिकाणांपुरतेच चाले. एका मार्गाच्या शेवटी दुसरा मार्ग कोठे जोडला जातो हे लक्षात ठेवणे, हेच प्रदेशाचे ज्ञान ठरे.

जेथे वाहन जात नाही तेथे वाट शब्दांनी सांगितली जाई. कामगिरी देणारे पात्र सांगे की, अमुक गावातून उत्तरेस निघावे, नदी डाव्या हातास ठेवावी, पूल ओलांडल्यावर दोन वाटा फुटतात त्यांतील चढाची वाट धरावी, आणि मोडका बुरूज दिसला की पूर्वेस वळावे. अशा धर्तीचा तो निर्देश असे. तो खेळाडूच्या रोजनिशीत उतरून घेतला जाई. काही वेळा पात्र नकाशावर खूणही करून देई. परंतु पुष्कळदा शब्दांवरच भिस्त ठेवावी लागे.

या निर्देशांचे स्वरूप समजण्यास भाषाशास्त्रातील एका प्रसिद्ध अभ्यासाचे साहाय्य होते. १९७५ साली शार्लट लिंड व विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील लोक स्वतःच्या घराची रचना कशी सांगतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वर्णनाचे दोन प्रकार आढळले. एकात घर वरून पाहिल्याप्रमाणे मांडले जाते : या खोलीच्या शेजारी ती खोली. दुसऱ्यात ऐकणारास घरातून फिरविले जाते : दारातून आत आलात की उजवीकडे अमुक लागते. यांना अनुक्रमे नकाशावर्णन व मार्गवर्णन म्हणता येईल. बहुसंख्य लोकांनी मार्गवर्णनाचाच अवलंब केला. मोरोविंडमधील निर्देश हे शुद्ध मार्गवर्णन होते. असे वर्णन ऐकणारास प्रत्येक पायरीवर समोरचे दृश्य आणि ऐकलेला शब्द यांचा मेळ घालावा लागतो. हाच तो पूल काय, हीच ती चढण काय, असा निर्णय तो सतत करीत असतो. या निर्णयांमुळेच २४ चौरस किलोमीटरांचे बेट मोठे होत असे.

या पद्धतीचा उत्कर्ष मुख्य कथानकात दिसतो. भटक्या उर्शिलाकू टोळीचा प्रमुख खेळाडूस एका पवित्र गुहेकडे पाठवितो, पण तिची वाट टोळीच्या मौखिक परंपरेतील कोड्याच्या रूपानेच उपलब्ध असते. कोड्यातील प्रतिमा भूप्रदेशातील कोणत्या खुणांना लागू पडतात हे टोळीतील जाणत्यांस विचारून ठरवावे लागते. आणि गुहा सापडली तरी तिचे दार पहाटे व सायंकाळीच उघडते. येथे स्थळ शोधणे आणि पाठ लावणे या दोन क्रिया एकरूप झालेल्या आहेत.

मोरोविंडची भूमी मोठी भासण्यास तांत्रिक मर्यादांचाही हातभार लागला हे मान्य केले पाहिजे. चालण्याची गती मंद होती, आणि त्या काळच्या यंत्रांची शक्ती बेताची असल्याने दूरचे दृश्य धुक्यात लपविले जाई. पुढे खेळाडूंनी हे धुके हटविणाऱ्या जोडण्या तयार केल्या, तेव्हा दूर वाटणारी स्थळे किती जवळजवळ होती हे उघड झाले. तसेच शब्दनिर्देशाची पद्धत निर्दोष नव्हती. काही ठिकाणी पात्राने सांगितलेली दिशाच चुकीची असे; अशा चुका खेळाडूंनी नंतर स्वतंत्र दुरुस्ती-संचांतून काढल्या. मूळ रोजनिशीतील नोंदी केवळ कालानुक्रमे असल्याने जुना निर्देश शोधणे कष्टाचे होई; कामगिरीनिहाय वर्गवारी २००२ सालच्याच 'ट्रायब्युनल' या पुरवणीत आली. तेव्हा या पद्धतीविषयीची खेळाडूंची नाराजी निराधार नव्हती.

५

ऑब्लिव्हियनने २००६ साली या नाराजीस उत्तर दिले. पडद्याच्या तळाशी एक होकायंत्र आले आणि त्यावर इष्ट स्थळाची खूण सतत दिसू लागली. एकदा पाहिलेल्या कोणत्याही स्थळी, आणि प्रमुख शहरी तर आरंभापासूनच, नकाशावरून तत्काळ जाता येऊ लागले. ही दुसरी सोय अरीना व डॅगरफॉल यांत होतीच. तिचे ते पुनरागमन होते. होकायंत्रावरील खूण मात्र या मालिकेत नवी होती आणि परिणामांच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची ठरली.

या बदलाची कारणे केवळ सुलभतेच्या हव्यासात शोधणे योग्य होणार नाही. मोरोविंडमधील बहुतेक संभाषण लिखित होते. ऑब्लिव्हियनमध्ये पात्रांचे सर्व संभाषण नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले गेले. लिखित वाक्य वाढविण्यास खर्च नगण्य. बोललेले प्रत्येक वाक्य नटाच्या वेळाने व मुद्रणाच्या जागेने मोजावे लागते. शिवाय भूमीची रचना अखेरच्या क्षणी बदलल्यास लिखित निर्देश सुधारता येतो, ध्वनिमुद्रित निर्देश नव्याने बोलवून घ्यावा लागतो. लांबलचक मार्गवर्णन या अर्थव्यवस्थेत टिकण्यासारखे नव्हते. होकायंत्रावरील खूण भूमी बदलली तरी आपोआप नव्या जागेकडे वळते आणि तिला भाषांतराची गरज पडत नाही. अशा रीतीने वाणी आली आणि वाट सांगणारे शब्द गेले, असा विरोधाभास घडला.

स्कायरिममध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झाले. तेथे खूण बंद करता येते. परंतु ती बंद केल्यास कित्येक कामगिऱ्या केवळ संभाषण व रोजनिशी यांच्या आधारे पुऱ्या करणे दुर्घट होते, कारण स्थळ कोठे आहे हे कोणी सांगतच नाही. पात्र फक्त स्थळाचे नाव उच्चारते. नाव उच्चारले जाते, पण ते ओळखण्याचे काम खेळाडूकडे उरत नाही. स्कायरिमचा प्रदेश दृष्टीस रमणीय आहे आणि वाटेत जाता जाता नवे स्थळ लागण्याचा आनंद त्यात विपुल आहे, हे नाकारता येत नाही. तथापि ठरलेल्या ठिकाणी जाणारा प्रवासी प्रदेशाकडे पाहण्याऐवजी होकायंत्राकडे पाहतो, हे या रचनेत अंगभूत आहे.

याच प्रवृत्तीची पुढील पायरी म्हणजे नकाशावर आधीच पेरलेली चिन्हे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या २०१५ सालच्या 'द विचर ३' या खेळातील कथारचना व संभाषणे यांची योग्य ती प्रशंसा झालेली आहे. परंतु त्यातील स्केलिगे द्वीपसमूहाच्या समुद्रभर विखुरलेली प्रश्नचिन्हे पुष्कळ खेळाडूंस कंटाळवाणी वाटली. त्यांतील बहुतेकांखाली तस्करांनी दडविलेला माल एवढेच असे. प्रश्नचिन्ह हे येथे खरोखर प्रश्नाचे चिन्ह राहिलेले नाही. तेथे काहीतरी आहे हे उत्तर आधीच मिळालेले असते. उरते ते केवळ हजेरी लावण्याचे काम.

६

यानंतरच्या काळात प्रतिक्रिया उमटली ती दोन दिशांनी. जपानमधील निन्टेंडो कंपनीच्या 'झेल्डा' मालिकेतील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ २०१७ साली निघाला. अंतरांचा अंदाज यावा म्हणून दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी याने आपल्या परिचयाच्या क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या भूमीवर ठेवून पाहिला होता. या खेळात उंच मनोऱ्यावर चढल्यास त्या भागाचा उठाव नकाशावर उमटतो, परंतु स्थळांची चिन्हे उमटत नाहीत. खेळाडूने उंचावरून पाहावे, लक्षवेधी जागा हेराव्या आणि स्वतःच खुणा कराव्या, अशी योजना आहे. काही मंदिरांचा माग तर एका भटक्या गायकाच्या गीतांतील कोड्यांतून लावावा लागतो. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या २०२२ सालच्या 'एल्डन रिंग'मध्ये नकाशाचे तुकडे जागोजागीच्या शिलास्तंभांपाशी मिळवावे लागतात, आणि खेळाडू जसजसा पुढे जातो तसतशी नकाशाची चौकटच विस्तारत जाते. एकूण प्रदेश केवढा आहे हे आरंभी कळतच नाही. रानातील एका विहिरीतून खाली उतरल्यावर चांदण्यासारख्या छताखाली पसरलेला भूगर्भातील प्रदेश समोर येतो, त्याचे आश्चर्य या अज्ञानावरच उभे आहे. आकार लपवून विस्ताराची प्रतीती देण्याची ही युक्ती जाहिरातीतील चौरस मैलांच्या नेमकी उलट आहे.

दुसरी दिशा शब्दाकडे परतण्याची होती. यूबिसॉफ्ट कंपनीच्या २०१८ सालच्या, प्राचीन ग्रीसमध्ये घडणाऱ्या 'असॅसिन्स क्रीड : ओडिसी' या भूमिकाखेळात खेळाडूस आरंभी एक पर्याय देण्यात आला. तो स्वीकारल्यास स्थळाची खूण दिसत नाही. त्याऐवजी ते कोणत्या प्रांतात, कशाच्या उत्तरेस वा कोणत्या खुणेजवळ आहे, अशी शाब्दिक सूचना मिळते. मार्गवर्णन येथे पुन्हा आले, परंतु ऐच्छिक सोय म्हणून. आणि ते बरेचसे नकाशावर्णनाच्या रूपात आले.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, खेळातील भूमीचे क्षेत्रफळ आणि शोधाचा अनुभव यांत सरळ प्रमाण नाही. सर्वांत मोठी भूमी असलेल्या डॅगरफॉलमध्ये भूमी ओलांडण्याचे कारणच उरले नव्हते. दुसरा असा की, ठिकाण कळण्याचे साधन बदलले की तीच भूमी लहान वा मोठी होते. म्हणून नकाशाच्या इतिहासकाराने भूमीइतकेच संभाषण, रोजनिशी, छापील नकाशे व स्थलनामे यांकडे लक्ष दिले पाहिजे. तिसरा असा की, होकायंत्रावरील खुणेने ज्यांच्यापाशी वेळ थोडा आहे किंवा ज्यांना दीर्घ लिखित मजकूर वाचणे कठीण जाते अशा पुष्कळांना हे खेळ खुले केले. परंतु त्याची किंमत म्हणून वाट विचारणे, ऐकणे, समजून घेणे आणि पडताळून पाहणे हा भाषिक व्यवहार खेळातून बहुतांशी नाहीसा झाला.

हा व्यवहार क्षुल्लक नाही. अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबून अनोळखी मुलखात चालणे हा माणसाच्या भाषेचा अतिप्राचीन उपयोग आहे, आणि दैनंदिन जीवनातही मार्गदर्शक उपकरणांमुळे तो आज विरळ होत चालला आहे. संगणकीय खेळांनी काही काळ त्यास आश्रय दिला होता. त्याविषयीची ओढ अद्याप संपलेली नाही, याची साक्ष खेळाडूंच्याच उद्योगातून मिळते. 'टॅमरिएल रीबिल्ट' या नावाने स्वयंसेवकांनी मोरोविंडच्या बेटापलीकडील मुख्य भूमी हाताने रचण्याचे काम २००१ साली, म्हणजे मूळ खेळ बाजारात येण्यापूर्वीच, आरंभिले आणि दोन दशकांहून अधिक काळ ते चालविले. डॅगरफॉलचीही त्याच्या चाहत्यांनी नव्या यंत्रणेवर पुनर्रचना केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०२३ च्या अखेरीस निघाली. एकाच मालिकेच्या दोन टोकांच्या दोन भूमी अशा रीतीने जिवंत ठेवल्या गेल्या आहेत : एक अफाट आणि जवळजवळ निनावी, दुसरी लहान आणि पावलोपावली नावे असलेली. वाट शब्दांनी कशी सांगितली जाते आणि ऐकणारा ती भूमीवर कशी लावतो, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास मोरोविंडमधील शेकडो लिखित निर्देश ही तयार सामग्री आहे. प्रत्येक निर्देश आणि तो ज्या भूमीस उद्देशून आहे ती भूमी, ही दोन्ही तेथे एकत्र तपासता येतात. आणि असा योग प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात क्वचितच लाभतो.